दुपारच्या डीजेवर बंदी येणार होती तेव्हा

माझं शिक्षण आयटीआयचं. ट्रेड इलेक्ट्रॉनिक्स. आमच्या बॅचला मुली दोनच. दुसरी लग्न होऊन उमरखेडला गेली आणि मी आमच्याच तालुक्याच्या गावात, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागले. दुकान एका मुसलमान म्हाताऱ्याचं होतं. सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं, मीही म्हणायचे. चाचांचा हात थरथरायला लागला होता, त्यामुळे बारीक सोल्डरिंगचं काम माझ्याकडे आलं. दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांची साउंड सर्व्हिस होती: चार मोठे बॉक्स, दोन अ‍ॅम्प्लिफायर, एक मिक्सर आणि जुन्या काळातले दोन भोंगे. लग्न, जयंती, शाळेचं गॅदरिंग, जिथून बोलावणं येईल तिथे हे सामान टेम्पोत घालून जायचं. चाचांची मुलं हैदराबादला गेली होती. दोन वर्षांत मिक्सरवर मी बसायला लागले.

कापसाची ती वाईट वर्षं होती. पुण्याला नाहीतर मुंबईला कुणाला सांगितलं की मी यवतमाळ जिल्ह्यातली, की समोरचा माणूस लगेच चेहरा पाडायचा. दिल्लीचे पत्रकार यायचे, पुढारी यायचे, गाड्यांचा धुरळा खाली बसायच्या आत परत जायचे. आमच्या गावातली कापसातली सरकी काढायची एक जिनिंग बंद पडली होती. तिची मोठी शेड रिकामी होती आणि आत कबुतरं राहत होती.

माझी दहावीपर्यंतची एक वर्गमैत्रीण होती, गावापासून चार किलोमीटरवरच्या तांड्यावरची. तिच्या हाताखाली पंधरा-सोळा बायकांची टोळी कापूस वेचायला जायची. एक दिवस ती दुकानात एक कॅसेट घेऊन आली. तिच्या आईनं, म्हणजे तिच्या याडीनं, होळीला म्हटलेली लेंगी, म्हणजे बंजाऱ्यांचं होळीचं गाणं, त्यात भरलेली होती आणि टेप मध्येच गुंतली होती. मी टेप सोडवली, आणि आवाज जपून राहावा म्हणून दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवला. त्या कॉम्प्युटरवर मला बीट तयार करायचा नाद लागला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा मी याडीच्या आवाजाखाली एक इलेक्ट्रॉनिक ठेका घातला. आधी हळू, मग वाढवत नेला, मग एकदम सगळं बंद करून फक्त म्हातारीचा आवाज ठेवला, आणि पुन्हा बेस सोडला.

मैत्रीण कॅसेट न्यायला आली तेव्हा तिला ऐकवलं. ती उभी होती ती स्टुलावर बसली.

"हे माह्या याडीचं आहे?" तिनं विचारलं.

"तिचंच आहे. खाली मी वाजवलं."

"हे आमच्या बायांले ऐकव न. पण वरातीत नाई. वरातीत डीजेच्या पुढं माणसंच नाचतात, आमी आपल्या कडेनं चालतो."

हे खरं होतं. इतकी वर्षं वराती वाजवल्या, पण मिक्सरवरून मला दिसायची ती फक्त माणसांची डोकी. बायका मागून, डोक्यावर पदर घेऊन. त्यांना नाचता येत नव्हतं असं नाही. त्यांना नाचायला जागा नव्हती.

जागा आम्ही शोधली. बंद जिनिंगच्या मालकाला चाचांनी विचारलं, आणि रविवारी दुपारी दोन ते पाच शेड वापरायला त्यानं हो म्हटलं. अट एकच, कबुतरांची घाण आम्ही काढायची. पहिल्या रविवारी तांड्यावरच्या बावीस बाया आल्या. फाटक आतून लावून घेतलं. पहिली दहा मिनिटं कुणी हललं नाही. सगळ्या भिंतीला टेकून, एकमेकींच्या मागे. मग माझी मैत्रीणच पुढे आली आणि लेंगीचा जसा गोल धरतात तसा हात धरून फिरायला लागली. ठेका वाढला तसा गोल फुटला. ज्या बाईला मी शेतात कंबर वाकवून चालताना पाहिलं होतं ती दोन्ही हात वर करून उड्या मारत होती. एक जण हसत होती की रडत होती ते मला कळलं नाही. संपल्यावर तिनंच माझ्याजवळ येऊन सांगितलं, "कंबर मोकळी झाली वं बाई."

मग दर महिन्याला दुसऱ्या रविवारी ते होत गेलं. नर्सिंगच्या मुली आल्या, अंगणवाडीच्या बाया आल्या, आमच्या वस्तीतल्या सुना आल्या, मुसलमान मोहल्ल्यातल्या दोघी बहिणी बुरखे घडी करून माझ्या टेबलाखाली ठेवायच्या आणि सगळ्यात शेवटी थांबायच्या. वर्षभरात शंभराच्या वर बाया यायला लागल्या. दारू नव्हती, पोरं नव्हती. तीन तास इलेक्ट्रॉनिक संगीत, पाण्याचे दोन माठ आणि शेंगदाणे.

घरी मात्र हे पटलेलं नव्हतं. माझे बाबा एसटी डेपोतून मेकॅनिक म्हणून रिटायर झालेले. आजोबांनी छप्पन साली नागपूरला जाऊन धम्म घेतला होता. गावाच्या देवाच्या, लग्नाच्या, मयतीच्या पुढे डफडं वाजवण्याचं काम आमच्या घराकडे होतं. नागपूरहून आल्यावर आजोबांनी ते डफडं विहिरीत टाकलं आणि पाटलाकडे निरोप पाठवला की आता आमच्याकडून कोणी येणार नाही. त्यापायी त्यांना दोन वर्षं गावात कुणी काम दिलं नाही. बाबा तेव्हा लहान होते. त्यांना त्या दोन वर्षांची भूक आठवत होती.

"माह्या बापानं वाजवणं टाकलं," बाबा म्हणायचे, "अन् तू डबल मोठं घेऊन आली. लोकाच्या वरातीत वाजवतं घराणं, हेच का शेवटी?"

मी नोकरी आहे म्हणायचे, मशीन आहे म्हणायचे. त्यांच्या प्रश्नाला ते उत्तर नव्हतं, हे मलाही माहीत होतं.

त्या उन्हाळ्यात गावात एका मोठ्या घरची वरात निघाली. बाहेरून डीजेचा ट्रक मागवला होता, ट्रकवर भिंतीसारखे रचलेले बॉक्स. सरकारी दवाखान्यासमोर ती वरात तासभर थांबली. दवाखान्याच्या काचा वाजत होत्या. बाळंतिणींनी कानात बोळे घातले. गावात संताप झाला आणि तो होणारच होता. मी स्वतः दुकानाच्या दारात उभी राहून त्या ट्रकवाल्याला शिव्या घातल्या.

पंधरा-वीस दिवसांनी मी नगरपरिषदेत दुकानाच्या लायसन्सच्या कामाला गेले, तर फलकावर नोटीस. प्रारूप उपविधी, म्हणजे नव्या नियमाचा मसुदा. गावाच्या हद्दीत डीजे आणि इलेक्ट्रॉनिक संगीतावरील नृत्याचे सर्व कार्यक्रम, उघड्या जागेत असोत की बंदिस्त, दिवसा असोत की रात्री, यांना पूर्ण मनाई. सामान जप्त. नागरिकांनी हरकती व सूचना तीस दिवसांच्या आत लेखी द्याव्यात. आणि वर प्रस्तावनेत एक वाक्य होतं: जिल्ह्यातील सद्य परिस्थिती पाहता असे कार्यक्रम जनभावनेस धरून नाहीत.

मी ती नोटीस तीनदा वाचली. मग आत जाऊन पूर्ण मसुद्याची प्रत मागितली. क्लार्क म्हणाला, "तुले कायले पाहिजे?"

"हरकत द्यायची आहे."

"कोणाच्या वतीनं?"

"माझ्या."

त्यानं मला खालून वर पाहिलं आणि प्रत दिली. एवढी वर्षं नोटिसा लागत होत्या, पण हरकत द्यायला कोणी आलेलं त्याला आठवत नव्हतं.

चाचांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून वाचलं, कागद घडी करून परत दिला. "बेटी, जाने दे. सरकार से कौन लड़ेगा? आपण टीव्ही दुरुस्त करू."

"चाचा, टीव्ही मी करतेच. हे पण करते."

"सामान मेरा जाएगा," ते हळूच म्हणाले.

खरंच, जाणार होतं ते त्यांचं. मी म्हटलं, हरकतीच्या कागदावर दुकानाचं नाव येणार नाही, फक्त माझं येईल. त्यांनी मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते मी विचारलं नाही.

त्या आठवड्यात मी पहिलं काम केलं ते बंदी मागणाऱ्या माणसाकडे जायचं. नगरपरिषदेकडे पहिली तक्रार केली होती माझ्याच शाळेतल्या गणिताच्या सरांनी. रिटायर झालेले, घर दवाखान्याला लागून. सायकल बाहेर लावून मी दार वाजवलं. सरांनी ओळखलं.

"तू त्या डीजेवाल्यांची न?"

"हो सर. तेच बोलायला आले."

त्यांनी बसायला सांगितलं, पण पंखा लावला नाही. त्या वरातीच्या आदल्या दिवशी त्यांच्या पत्नीचं त्याच दवाखान्यात पोटाचं ऑपरेशन झालं होतं. टाके ओले होते. प्रत्येक ठोक्याबरोबर त्या पलंगाचा कठडा धरत होत्या. सर खाली जाऊन वरातीतल्या लोकांना हात जोडून आले, तर कोणीतरी त्यांच्या टोपीवर गुलाल टाकला.

"आता तू सांग," सर म्हणाले, "मी काय करायले पाहिजे होतं?"

मी विचारलं, "पोलिसांत फोन केला नाही?"

"तीनदा केला. पाहतो म्हणाले."

"सर, दवाखान्यासमोर भोंगा लावायचा नाही हा नियम आजही आहे. परवानगीशिवाय लावायचा नाही, हाही आहे. रात्री दहाला बंद, हाही आहे. त्या ट्रकवाल्यानं सगळे मोडले, अन् कोणी आलं नाही. उद्या अजून एक नियम झाला तर तो ट्रकवाला तोही मोडेल, कारण त्याच्यामागे मोठं घर आहे. थांबेल कोण? आम्ही थांबू. जिनिंगमध्ये दुपारी नाचणाऱ्या बाया थांबतील."

मग आतून आवाज आला, सरांच्या पत्नीचा. "जिनिंगमंधी बाया नाचतात?"

"हो काकू. दुसऱ्या रविवारी."

"मले एकडाव पाहाचं आहे."

"तुमचे टाके..." सर म्हणाले.

"टाके निघाले पंधरा दिवस झाले," काकू आतूनच म्हणाल्या.

त्या आल्या. सरांनी रिक्षानं फाटकापर्यंत सोडलं आणि स्वतः समोरच्या पानठेल्यावर पेपर घेऊन बसले. काकू खुर्ची टाकून दाराजवळ बसल्या, नाचल्या नाहीत, पाण्याचा ग्लास हातात धरून तिन्ही तास पाहत राहिल्या. जाताना त्यांनी मला एवढंच सांगितलं की बेस जरा जास्त आहे. मी तो कमी केला. फाटकाबाहेर रस्त्यावर उभं राहून मी स्वतः ऐकून आले आणि त्या दिवसापासून बॉक्सची तोंडं रस्त्याकडून फिरवून आतल्या भिंतीकडे लावली. जुन्या रुईच्या पोत्यांची थप्पी शेडमध्ये पडून होती, ती दाराला लावली. बाहेर आवाज जेमतेम यायला लागला. हे मला आधी सुचायला पाहिजे होतं. माझ्याच आवाजाची मला इतकी सवय झाली होती की दुसऱ्याच्या कानाचा विचार मी वर्षभर केलाच नव्हता.

मग सह्या. मैत्रीण आणि मी पंधरा दिवस हिंडलो. सकाळी ती टोळी घेऊन शेतात असायची, म्हणून आम्ही बांधावर जाऊन सह्या घेतल्या, जेवणाच्या सुट्टीत. बायांची बोटं पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडांची, धसकटं वेचून चिरलेली, अंगठा उठवताना कागदावर शाईबरोबर चिराही उमटायच्या. काही जणींनी सही द्यायला नकार दिला. "घरी कळलं तर येऊ देणार नाई," एक म्हणाली. तिला मी आग्रह केला नाही. नर्सिंगच्या मुलींच्या होस्टेलवर वॉर्डननं आम्हाला फाटकावरून परत पाठवलं, आणि दुसऱ्या दिवशी तिच्याच सहीचा कागद दुकानात आला. ती महिन्याआड येत होती हे मला माहीतच नव्हतं, शेडमध्ये ती ओढणीनं अर्धं तोंड झाकून असायची.

अर्ज लिहायला मी बसले तेव्हा तो जमेना. मी लिहिलं होतं रागानं. रविवारी सकाळी ते कागद टेबलावर ठेवून मी आंघोळीला गेले आणि आले तर बाबा चष्मा लावून वाचत होते. आता बोलणी बसणार म्हणून मी दारातच थांबले.

"हे 'आमच्यावर अन्याय' तीनदा लिहिलं," बाबा म्हणाले. "एकदा लिही. कोणतं कलम, कोणती ओळ, ते आधी लिही. साहेब लोक पहिलं पान वाचतात, दुसरं पलटवत नाईत."

"तुम्हाला तर हे वाजवणं आवडत नाही."

"नाईच आवडत. पण हरकत घेणं आवडते. डेपोत तीस वर्सं मी काय केलं? बदलीवर हरकत, ज्येष्ठतेवर हरकत. बस इकडं."

मी बसले. मग बोलता बोलता तो जुना प्रश्न पुन्हा आला, आणि या वेळी मी मशीन, नोकरी असं काही म्हटलं नाही. म्हटलं, "बाबा, आजोबांना बोलावलं की जावं लागायचं. नाही म्हणायची सोय नव्हती. त्यांनी ते टाकलं. मी त्या ट्रकवाल्यासारखं कुणाच्या दारात नाचून दाखवत नाही. जिनिंगमध्ये आम्हीच आमच्यासाठी वाजवतो. अन् आता हे लोक मला सांगून राह्यले का वाजवायचं नाही. आजोबांना वाजवच म्हणणारे होते, मला वाजवू नको म्हणणारे आहेत. हुकूम तोच आहे."

बाबा म्हणाले, "हे अर्जात लिहू नको. हे तिथं बोल, कोणी पुसलं तर." आणि त्यांनी कोरा कागद ओढला. अक्षर त्यांचं सुरेख होतं. दोन पानांत त्यांनी सगळं बसवलं: पूर्ण बंदीला हरकत, आवाजाच्या मर्यादेला, वेळेच्या मर्यादेला, दवाखाना आणि शाळेच्या अंतराला पाठिंबा, मिरवणुकीतला ट्रक आणि बंदिस्त जागेतला कार्यक्रम यांना वेगळं धरावं ही सूचना, आणि प्रस्तावनेतलं ते वाक्य काढून टाकावं ही विनंती. शेवटी खाली माझी सही आणि दोनशे चौदा सह्यांची पानं जोडली.

सुनावणी सोमवारी सकाळी अकराला नगरपरिषदेच्या सभागृहात ठेवली होती. कामाचा दिवस मुद्दाम धरला होता की सहज, देव जाणे. मैत्रिणीनं टोळीची सुट्टी केली. दोन टेम्पोतून बाया आल्या. शिपायानं सांगितलं, अर्जदारानंच आत यायचं. मैत्रीण म्हणाली, "सही आमची आहे, अर्जदार आमी आहो." शिपाई आत जाऊन विचारून आला आणि बाजूला झाला. सभागृहातल्या गाद्यांच्या खुर्च्यांवर बाया अंग चोरून बसल्या, मग जरा वेळानं टेकून बसल्या.

समोर अध्यक्ष, मुख्याधिकारी आणि पाच-सात सदस्य. मी उभी राहून अर्जातले मुद्दे सांगितले. मुख्याधिकारी लिहून घेत होते. अध्यक्षांनी मध्येच थांबवलं.

"तुमचं कायद्याचं समजलं. पण मला एक सांगा, आज जिल्ह्याची परिस्थिती काय आहे? रोज पेपरात काय येते? अशा दिवसांत बायामाणसांनी डीजेवर नाचणं, हे शोभते का?"

मी उत्तर तयार करून आले होते. पण माझ्या मागच्या रांगेतून एक बाई उठली. तांड्यावरची, टोळीतली, फार बोलणारी नव्हे. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला होता, त्या वर्षांत गेलेल्या कितीतरी जणांसारखा. पहिल्या रविवारी कंबर मोकळी झाली म्हणणारी ती हीच.

"साहेब, म्या बोलू का?" तिनं विचारलं, आणि कुणी हो म्हणायच्या आत बोलायला लागली. "माह्या घरवाल्याले जाऊन दोन वर्सं झाली. तवापासून माह्या दारात येणारा हरेक माणूस मले रडवून जाते. पेपरवाले आले, त्याइनं सांगतलं पदर डोयाले लावा, फोटो चांगला येते. मदतवाले आले, त्याइच्या पुढं बी रडा लागते, नाईतर म्हणतात हिले काईच नाई झालं. दोन वर्सं म्या दुसऱ्याइच्या हिशोबानं रडून राह्यली. महिन्यातून एक दुपार अशी आहे का तिथं मले कोणी काई पुसत नाई. ते बी तुमी शोभत नाई म्हणता. मंग मले काय शोभते, ते एकडाव लिहून द्या न."

ती खाली बसली. तिच्या शेजारणीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. अध्यक्षांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता परत ठेवला.

मग मागून गणिताचे सर उठले. ते आलेत हे मी पाहिलंच नव्हतं. "पहिली तक्रार माझी आहे," ते म्हणाले. "ती मी मागे घेत नाही. दवाखान्यासमोर जे झालं ते पुन्हा होऊ नये. पण माझी तक्रार ट्रकवर होती. ह्या बायांवर नव्हती. माझ्या नावानं तुम्ही ह्यांना बंद करत असाल, तर ते माझं नाव काढून टाका."

एक सदस्य चिडून म्हणाले, की एकीला सूट दिली तर उद्या सगळेच मागतील. मी म्हटलं, "सूट मागत नाही साहेब. नियम मागतो. जो सगळ्यांना पाळता येईल अन् सगळ्यांकडून पाळून घेता येईल, असा."

निर्णय त्या दिवशी झाला नाही. दीड महिना आम्ही वाट पाहिली. त्या दीड महिन्यात चाचांना दोन जण येऊन सांगून गेले, की पोरीला आवरा. चाचांनी मला ते सांगितलं नाही, शेजारच्या सायकलवाल्यानं सांगितलं. मी चाचांना विचारलं तर म्हणाले, "मैंने बोल दिया, वो मेरी सुनती नहीं." आणि हसले. पुढच्या कामाला टेम्पो निघाला तेव्हा त्यांनी पहिल्यांदा बॉक्सवर दुकानाचं नाव रंगवून घेतलं.

ठराव आला तो असा: पूर्ण बंदीचं कलम वगळलं. मिरवणुकीत ट्रकवर डीजे लावायला मनाई. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याजवळ मनाई. बंदिस्त जागेत सकाळी दहा ते संध्याकाळी सहापर्यंत कार्यक्रमाला परवानगीनं मुभा. प्रस्तावनेतलं ते वाक्य गेलं. जप्तीचं कलम मात्र राहिलं, आणि प्रत्येक कार्यक्रमाला आठ दिवस आधी लेखी परवानगी, ही नवी अट आली. सगळं मिळालं नव्हतं. तांड्यावर ही बातमी घेऊन मी गेले, तर मैत्रिणीनं पहिला प्रश्न विचारला, "म्हंजे येत्या रविवारी आहे का नाई?"

येत्या रविवारी कार्यक्रम नव्हता. जिनिंगच्या मालकानं शेडला कुलूप लावलं होतं. फोनवर म्हणाला, मला यात पाडू नका. त्याचं कुणाशी काय बोलणं झालं ते मला कळलं नाही आणि मी खणतही बसले नाही. तांड्याच्या नायकाशी, म्हणजे तिथल्या प्रमुखाशी, मैत्रीण बोलली आणि तीन महिने आम्ही तांड्यावरच्या समाजमंदिरात कार्यक्रम भरवला. तो तांडा नगरपरिषदेच्या हद्दीबाहेर, म्हणजे तिथे तो नियमच लागू नव्हता. पण गावातल्या मुलींना चार किलोमीटर जायला घरून सुटेना. शंभराच्या साठ झाल्या, मग चाळीस. त्या बुरख्यावाल्या बहिणी यायच्या बंद झाल्या.

तेव्हा मी नगरपरिषदेच्याच सांस्कृतिक सभागृहासाठी अर्ज केला. पहिला अर्ज नाकारला, कारण दिलं नाही. बाबांनी कारण मागणारा अर्ज लिहिला. दुसऱ्यांदा कारण आलं: सभागृह फक्त सांस्कृतिक कार्यक्रमांसाठी आहे. बाबांनी तो कागद वाचून मोठ्यानं हसत आईला हाक मारली आणि वाचून दाखवला. तिसऱ्या अर्जात त्यांनी लिहिलं की लेंगी ही संस्कृती नाही असं नगरपरिषदेचं म्हणणं असेल, तर तसं तांड्याला लेखी कळवावं. आठ दिवसांत परवानगी आली.

बाबा स्वतः कधी आले नाहीत. बायांचा कार्यक्रम असल्यामुळे त्यांना येताही आलं नसतं, पण बाहेर उभं राहूनही त्यांनी ऐकलं नाही. त्यांना वाजवणं आवडत नव्हतं आणि शेवटपर्यंत आवडलं नाही. त्यांचं ते मत बदलायला मीही गेले नाही. दर महिन्याला परवानगीचा अर्ज मात्र ते न विसरता लिहून ठेवायचे.

सभागृहातल्या पहिल्या दुपारी चौकीदारानं दार उघडलं आणि परवानगीचा कागद मागितला. मी दाखवला. त्यानं शिक्का पाहिला, तारीख पाहिली, वेळ पाहिली. मग विचारलं, "माही घरवाली येऊ शकते काय?"

"कागद लागत नाही," मी म्हटलं. "दोनच्या आत पाठवा, दार आतून लागते."

त्या दिवशी एकशे दहा बाया आल्या. मी बॉक्सची तोंडं आतल्या भिंतीकडे फिरवली, बाहेर जाऊन रस्त्यावरून ऐकून आले, दार लावलं आणि मिक्सरवर बसले.